तिसरा गियर

खंबाटकी घाट चढण्याआधी एका टपरीवर आम्ही पाचजण रविवारी सकाळी चहाला थांबतो. सगळे पन्नाशीच्या पलीकडचे. बाहेर उभ्या असलेल्या पाचही गाड्या बटणावर चालू होणाऱ्या, धुतल्यापुसलेल्या. त्यांच्याविषयी कुणी फारसं बोलत नाही. चहाचा पहिला घोट पोटात गेला, की बोलणं निघतं ते विकून टाकलेल्या गाड्यांचं.

“माझी आरएक्स हंड्रेड...” एवढंच म्हणून एकजण थांबतो. 98 सीसी आणि 11 अश्वशक्ती, कागदावर आकडे केवढेसे! पण अंगानं हलकी ती गाडी मूठ पिळली की अशी सुटायची, की मागे बसलेल्याचा हात आपोआप खांद्यावर यायचा. तो तिचा आवाज तोंडानं काढून दाखवतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून तीस वर्षं उतरतात.

दुसऱ्याची राजदूत, म्हणजे खरं तर त्याच्या वडिलांची. 175 सीसीच्या त्या इंजिनाचं मूळ पोलंडातलं. 1973 मध्ये ‘बॉबी’तून तिची धाकटी बहीण पडद्यावर झळकली, पण आमच्याकडे राजदूत ओळखली जायची ती दोन्ही अंगांना लटकलेल्या दुधाच्या कॅनांवरून. “वडील जाऊन नऊ वर्षं झाली,” तो म्हणतो, “पण पहाटे साडेचारची त्यांची किक अजून ऐकू येते. जाग येते मला.”

बुलेटवाला मित्र बोलता बोलता उजवा पाय हलवतो. जुन्या बुलेटचा गियर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे. आधी डिकॉम्प्रेशनची कळ दाबायची, हलक्या पायानं किक फिरवत अँपिअरचा काटा मधोमध आणायचा आणि मग पूर्ण वजनानिशी एकच किक. क्रम चुकला तर किक उलटी बसायची, घोटा सुजायचा.

चौथ्याकडे हिरो होंडा सीडी हंड्रेड होती. “तिनं एकदाही रस्त्यात उभं केलं नाही,” तो सावकाश सांगतो. “लेक आधी टाकीवर बसायची. मग पाय लांब झाले, तशी मागे गेली. एके दिवशी म्हणाली, बाबा, आज किक मी मारते.” मुलगी केव्हा मोठी झाली, ते या बापाला गाडीवरच्या तिच्या जागेनं सांगितलं होतं.

माझी येझदी रोडकिंग. म्हैसूरच्या कारखान्यातली, 250 सीसीची, एकाच सिलिंडरला दोन सायलेन्सर असलेली. तिचा किकचा आणि गियरचा दांडा एकच. आत दाबून उभा केला की किक, पुढे आडवा केला की गियर. पेट्रोलमध्ये ऑइल मोजून मिसळायचं. जास्त झालं की प्लग काळा पडायचा, मग रस्त्याकडेला बसून पॉलिश पेपरनं घासायचा. खिशात रुमाल नसला तरी चालायचं, प्लगपाना हवाच. घाटात अचानक दम तुटल्यासारखी झाली, की डावा हात न बघता मांडीखाली जाऊन कॉक रिझर्व्हला फिरवायचा. माझा हात अजूनही कधीकधी तिथं जातो.

1996 या एकाच वर्षी म्हैसूरचा तो कारखाना बंद पडला आणि आरएक्स हंड्रेडचं उत्पादनही थांबलं. या टू-स्ट्रोक गाड्या पेट्रोलबरोबर ऑइलही जाळायच्या आणि थोडं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून बाहेर टाकायच्या. तो निळा धूर माझ्या नातवाच्या छातीत जावा असं मला वाटत नाही. धूर गेला ते बरंच झालं. मला आठवण येते ती ऐकण्याची. त्या गाड्या कानानं चालवाव्या लागत. चेन सैल पडली, क्लच घसरतोय, इंजिन तापलंय, हे सांगायला दिवा नव्हता. गाडी आपल्या आवाजात सांगायची आणि आपल्याला ते कळायचं. दुसऱ्याला न जमणारी गाडी आपल्या पायाला दाद द्यायची, म्हणून ती आपली.

घेतानाची किंमत आमच्यातल्या कुणाला धड आठवत नाही. विकल्याचा दिवस मात्र प्रत्येकाला आठवतो. 2003 मध्ये घर बांधताना स्लॅबचे पैसे कमी पडले, तेव्हा मी येझदी विकली. आज त्याच स्लॅबखाली नातू झोपतो. खंत नाही.

घ्यायला आलेला पोरगा विशीतला होता. पैसे मोजून दिले, कागद घेतले आणि किक मारू लागला. चार, पाच, सहा. गाडी ढिम्म. तो घामाघूम झाला. मला गप्प राहता आलं असतं. पण मी पुढे झालो. म्हटलं, “चोक ओढ. आता दोनदा हळू फिरव, नुसती. कॉम्प्रेशन पायाला लागलं? आता मार.” पहिल्या किकला चालू झाली. बारा वर्षांत माझ्या पायात मुरलेलं सगळं मी दोन मिनिटांत त्याच्या पायात घातलं.

तो गेला. वळणापलीकडे दिसेनासा झाला, तरी ऐकू येत होता. पहिला. दुसरा. चढ लागला. आता तिसरा टाक, मी मनात म्हटलं. इंजिन ताणलं जात होतं, आवाज चिरका होत होता, आणि माझा डावा पाय अंगणातल्या फरशीवर आपोआप हलला. क्षणभरानं तिकडे, चढावर, त्यानं तिसरा टाकला.

आवाज मोकळा झाला. मी घरात गेलो.