माळवदाखालचा मुक्काम

दक्षिण इटलीतील आल्बेरोबेल्लो गावी सांध्यांत चुना न घालता रचलेली, शंकूच्या आकाराच्या छपरांची दगडी घरे आहेत. युनेस्कोने १९९६ साली ती जागतिक वारसा ठरविली; आज प्रवासी तेथे भाडे देऊन राहतात. परभणी जिल्ह्यातील माळवदी वाड्यांच्या भिंतीही तशाच जाड. वैशाखातही ओसरी थंड राहते. परंतु मृगापूर्वी माळवदावर माती घालणारे कोणी उरले नाही, की पहिल्या गळतीबरोबर वाटणीचा विषय निघतो आणि सागवानी तुळया विक्रीस जातात. हिशेबी घराण्यांनी लाकडाचा तेवढा भाव करावा, हे नवलच! जिंतूरजवळील नेमगिरीच्या दर्शनास पुण्या-मुंबईहून येणारी भावंडे मग लॉजवर उतरतात. दुरुस्तीचा खर्च हिश्शाप्रमाणे वाटून घेतला, तर सूर्यास्तापूर्वीची पंगत अजूनही आजोबांच्या चौकात बसू शकेल.