माळ एक, वाटेकरी अनेक

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन धाकट्या बहिणीच्या सासरी जाऊन आलो. गाव मंगळवेढ्याच्या दक्षिणेला, जत तालुक्याच्या हद्दीकडे. सोलापूरहून मंगळवेढा सुमारे 55 किलोमीटर. बेगमपूरला भीमा ओलांडली की माचणूर लागते. औरंगजेबाची छावणी काही वर्षे या नदीकाठी होती. मंगळवेढ्यात उतरून मुलांना चोखोबांची हकिकत सांगितली. गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून ते इथेच गेले, साल 1338, असे परंपरा सांगते. बाबासाहेबांनी 1948 साली आपला 'अनटचेबल्स' हा ग्रंथ ज्या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला, त्यांत चोखामेळा आहेत. एवढे सांगून होते तोवर पुढची गाडी लागली.

मंगळवेढा म्हटले की लोकांना ज्वारी आठवते. खोल काळी जमीन, नजर पोचेपर्यंत झाड नाही आणि पावसाळ्यानंतर केवळ जमिनीतल्या ओलीवर येणारी मालदांडी. या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु तालुक्याचा दुसरा तुकडाही आहे, आणि बहिणीचे गाव त्यात मोडते. ज्या 35 गावांचा पाणीप्रश्न वर्षानुवर्षे निवडणुकीत गाजत आला, तो हा भाग. मुरमाड माळ, तरवड, बाभळी आणि पायजम्याला चिकटणारे कुसळी गवत.

दुसऱ्या दिवशी पहाटे भाच्याने उठवले. "मामा, चला, हरणं आल्यात." बांधाआड बसून पाहिले. पंधरा-वीस माद्या आणि पिल्ले, बदामी रंगाची. त्यांच्यापासून दूर एक नर उभा होता, पाठ काळीभोर, पोट पांढरे, शिंगांना पीळ. काळवीट मी चित्रात पाहिले होते, असे मोकळे कधी पाहिले नव्हते. मुले हरखून गेली. मी पण हरखलो, खोटे कशाला बोलू? मग लक्षात आले की कळप उभा होता तो बहिणीच्या ज्वारीत. वीतभर वाढलेली रोपे ती शेंड्याकडून खुडत होती.

बहिणीच्या सासूबाईंनी पत्र्याचा डबा बडवला. कळप टणाटणा उड्या घेत माळाकडे गेला. "रोजचंच हाय हे," त्या म्हणाल्या. "रातच्याला म्या बसतीया, पहाटं पोरगं बसतंय. डोळा लागला की आलीच." पण हरीण मारावे असे त्यांच्या बोलण्यात एकदाही आले नाही. कायदाही कडक आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट आणि चिंकारा हे दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत, शिकार केल्यास तीन ते सात वर्षे कैद.

दुपारी माळावर एक म्हातारे धनगर भेटले. दीडशे मेंढरे असतील, बरीचशी माडग्याळी, पोपटाच्या चोचीसारख्या बाकदार नाकाची. हरणे तुमचा चारा खातात का, असे विचारले तर हसले. "पाव्हणं, हरणाचं त्वांड बारीक. ते निवडून खातंय, कवळं तेवढं. मेंढरू मागनं येतंय अन् मुळापतुर खातंय. आता सांगा, कोण कुणाचं खातंय?"

म्हाताऱ्यांचे म्हणणे विचार करण्यासारखे आहे. काळवीट मुख्यतः गवत खाते, मेंढीही गवतच खाते, म्हणून खरा सामना या दोघांचा. शेळी मान वर करून बोरी-बाभळीचा पाला आणि शेंगा खाते. तिचा वाटेकरी चिंकारा, कारण तोही झुडपांवरच अधिक असतो. पावसाळ्यात माळावर सर्वांना पुरते. फाल्गुनापासून मृगापर्यंतचे तीन-चार महिने मात्र कुणालाच पुरत नाही. एकाच जागी सतत चराई झाली की पवन्या, मारवेल यांसारखी जनावरांच्या आवडीची गवते आधी संपतात. बी धरायला ती उरतच नाहीत. मागे राहते कुसळी, आणि ती एकदा पिकली की जनावराच्या तोंडाला टोचते.

आफ्रिकेतील केनिया देशात शास्त्रज्ञांनी हीच गोष्ट कुंपणे घालून तपासली. त्यांचे निष्कर्ष 2011 साली प्रसिद्ध झाले. उन्हाळ्यात झेब्र्यांसारख्या रानटी जनावरांबरोबर चरणाऱ्या गुरांचे वजन कमी भरले. पावसाळ्यात उलटे झाले! रानटी जनावरांनी वरचे वाळके, जाड गवत खाल्ल्यामुळे खालचे कोवळे मोकळे झाले आणि त्यांच्याबरोबर चरणारी गुरे जास्त भरली. म्हणजे वैर जनावरांत नाही, ते टंचाईच्या दिवसांत उपजते. मला हे म्हाताऱ्यांना सांगावेसे वाटले. पण त्यांना ते माझ्याआधीच ठाऊक असावे.

मग टंचाई आली कुठून? पूर्वी सुगी झाली की शेतकरी मेंढरे रानात बसवून घेत. लेंड्यांचे खत शेतकऱ्याला, धाटे आणि पाला मेंढरांना, धनगराला वर धान्य. तेवढे दिवस माळाला उसंत मिळे. 1980 च्या सुमारास उजनी धरण झाले, नदीकाठी ऊस आला आणि बारमाही उभ्या पिकात मेंढराला पाय ठेवायला जागा उरली नाही. दुसरीकडे माळ म्हणजे पडीक, असे समजून कुठे फळबागा झाल्या, तर कुठे सरकारी खात्यांनी चर खोदून झाडे लावली. गिरिपुष्पाच्या सावलीत गवत कसे वाढणार?

उत्तर सोलापुरातील नान्नजची गोष्टही अशीच विचारात पाडणारी आहे. 1979 साली माळढोक पक्ष्यासाठी तब्बल 8,496 चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावे, शेते, रस्ते सगळे आले. पुढे ते कमी करून 1,222 चौरस किलोमीटरवर आणावे लागले. तिथे चराई बंद केलेल्या तुकड्यांत गवत वाढले, काळविटांचे कळपही वाढले, आणि आसपासचे शेतकरी पिकांच्या नुकसानीची तक्रार करू लागले. माळढोक मात्र दिसेनासा होत गेला.

आता आपल्या घरची गोष्ट सांगतो, कारण ती टाळून हा लेख पुरा होणार नाही. बहिणीची ती ज्वारी गायरानात आहे. तिच्या आजेसासऱ्यांनी दगड वेचून दोन एकर वहिवाटीला आणले. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या 1964-65 च्या सत्याग्रहात भूमिहीनांना पडीक जमीन द्या, ही मागणी घेऊन लाखो माणसे तुरुंगात गेली. आपल्या अनेक घरांची भाकरी त्या लढ्यातून आली आहे. 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची दलित भूमिहीनांची गायरानातील वहिवाट नियमित करण्याचे ठरले. 28 जानेवारी 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला, त्यातही भूमिहीन मजुरांना व अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेल्या जमिनी अपवाद म्हणून मान्य केल्या. हा अपवाद आपल्या लोकांनी पाठ करून ठेवावा, कारण नोटीस येते तेव्हा तो कुणी सांगत नाही.

बहिणीच्या सातबाऱ्याचे काम अजून झालेले नाही. हरणांनी पीक खाल्ले तर सरकारी भरपाई मिळते, पण अर्जाला सातबारा जोडावा लागतो. त्यामुळे तिच्या ज्वारीचे हरणांनी काहीही केले तरी कागदोपत्री नुकसान शून्य! धनगराचे तर त्याहून अवघड. माळ त्याच्या नावावर नाही, म्हणून गेलेल्या गवताची तक्रार तो कुणाकडे करणार? आणि धनगराच्या नजरेने पाहिले तर आमची दोन एकर म्हणजेही त्याच्या मेंढरांचा गेलेला चारा. मी त्यांना तसे विचारलेही. म्हातारे थोडा वेळ गप्प राहिले. "तुमचं दोन एकर दिसतंय, कारण ते रस्त्याकडंला हाय," असे म्हणून त्यांनी काठीने पलीकडे दाखवले. तिकडे तारेचे कुंपण होते, आत डाळिंबाची बाग. ती जमीन पूर्वी कशी होती आणि कुणाच्या नावे कशी झाली, हे त्यांनी सांगितले नाही. मीही खोदून विचारले नाही.

रात्री जेवताना बहीण म्हणाली की यंदा माळाकडच्या कडेचे चार तास करडईचे पेरले आहेत. करडईला काटे असतात, जनावर आत शिरायला बिचकते. ही जुनी युक्ती सासूबाईंनी सांगितली. पण करडई अजून लहान आहे, काटे यायला वेळ आहे. तोवर डबा वाजवायचा.

निघायच्या दिवशी पहाटे मुले आपणहून उठली. धाकटीने डबा हातात घेतला, पण कळप दिसल्यावर तो वाजवायचे विसरूनच गेली. शेवटी सासूबाईंनी तिच्या हातून घेतला आणि त्यांनीच वाजवला.