कालवांचा खडक

रत्नागिरीस गेलेला पाहुणा भाट्याच्या पुळणीवर मावळता सूर्य पाहतो, पापलेट खातो आणि परततो. त्याने एकदा भर ओहोटीला काजळी नदीच्या मुखाकडेही फिरकावे. उघड्या पडलेल्या खडकांवर बायका वाकलेल्या दिसतील. कोयतीच्या टोकाने शिंप उचकटायची, आतले मऊ कालव भांड्यात टाकायचे. भरती येईपर्यंत हेच. शिंपेच्या धारेने बोटे सोलून निघतात. (बाजारात घासाघीस करताना हे आठवावे!)

कालव पाणी गाळून पोट भरते. खाडीत आपण जे सोडू ते त्याच्या पोटात. म्हणून नीट शिजवूनच खावे. त्याचे पिलू दोन-तीन आठवडे पाण्यात भटकते, मग कठीण जागा धरून तिथेच जन्मभराचा संसार थाटते. आवडती जागा म्हणजे जुन्या कालवाची शिंप. कोकणात आपण शिंपा भट्टीत जाळून पिढ्यान्‌पिढ्या चुना केला. न्यूयॉर्ककरांनी तर बंदरातली कालवे खाऊन आणि पाणी नासवून जवळजवळ संपविली. आता तिथे हॉटेलांतल्या शिंपा गोळा करून, त्यांवर पिले वसवून, पुन्हा पाण्यात सोडतात.

भाट्याला एकीला विचारले, "मावशी, शिंपा कुठे टाकता?"

"टाकतो कुठं, भाऊ? वरची तेवढी निघते. खालची खडकालाच ऱ्हाते. तिच्यावरच नवी धरतात."