लोडशेडिंगचं प्रजासत्ताक

विटा-आटपाडीकडची पोरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यापायी कुठं कुठं पोचतात, त्याला गणती नाही. माझ्या वाट्याला काठमांडू आलं. नोव्हेंबर 2006 मध्ये सरकार आणि माओवाद्यांत शांतता करार झाला, तेव्हा इंद्रचोकाजवळच्या एका बोळात आमची भट्टी होती. दहा वर्षांच्या यादवीत सुमारे 17 हजार माणसं गेली, पण बहुतेक डोंगरदऱ्यांत. शहराला युद्धाची झळ लागायची ती संचारबंदीची.

बदल मात्र थेट गल्ल्यात आला. 2007 मध्ये नव्या नोटा निघाल्या. राजाच्या चेहऱ्याच्या जागी सगरमाथा. पण कागद जुनाच होता. आत वॉटरमार्कचा राजा तसाच, म्हणून त्याच्यावर लालीगुराँसचं फूल छापून टाकलेलं. पारख करायची आमची खोड. नोट उजेडाकडं धरली की फुलाआड मुकुटाचा तुरा असल्यासारखा वाटे. शेजारचे नेवार सोनार, ज्यांना आम्ही दाजू म्हणायचो, ते हसले. "साहुजी, अजून पुरता गेला नाही हो!" 28 मे 2008 ला प्रजासत्ताक जाहीर झालं आणि जूनमध्ये राजे ज्ञानेंद्र नारायणहिटी राजवाडा सोडून गेले. त्या दिवशीही दाजूंनी दुकान वेळेवर उघडलं.

त्या हिवाळ्यात वीज दिवसाला सोळा तासांपर्यंत जायची. नद्यांना पाणी कमी, त्यात कोशीच्या पुरानं भारताकडून येणारी वाहिनी तुटलेली. कुठल्या गटाला वीज कधी, याचं वेळापत्रक आम्हाला पाठ. ब्लोअर मध्येच थांबला की मुशीतलं सोनं थिजायला लागे, मग हातभाता. चौकात लोक संविधानावर भांडत, आम्ही भात्यावर.

आणि बंद! आज विद्यार्थ्यांचा, उद्या वाहतूकवाल्यांचा, परवा तराईवाल्यांचा. इतकी वर्षं दबलेलं सगळं एकदमच रस्त्यावर आलं होतं. धंदा बुडाला की मी शिव्या घालायचो, पण बंदुकीपेक्षा चक्का जाम परवडला, हेही कळत होतं. दाजूंना ते पटत नसे.

मे 2010 मध्ये माओवाद्यांनी पंतप्रधान माधवकुमार नेपाळ यांच्या राजीनाम्यासाठी बेमुदत बंद पुकारला. सहा दिवस शहर ठप्प. दुकानं संध्याकाळी जेमतेम दोन तास उघडायची. गावोगावहून आलेली पोरं चौकाचौकात नाचत, घोषणा देत. एका दुपारी मी शटर वीतभर उचलून आत उरलेलं काम उरकत होतो. कपाळाला लाल पट्टी बांधलेला एक पोरगा वाकून आत बघायला लागला. म्हटलं, आता दंड. त्यानं पाणी मागितलं. प्यायला, मुशीकडं बघत राहिला आणि हळूच विचारलं, "आज तोळ्याचा भाव काय?"

बहिणीचं लग्न ठरलं होतं त्याच्या. भाव सांगितला. तोंड वाकडं करून म्हणाला, "फार वाढलाय." मग लाठी उचलली, शटर आणखी खाली ओढायला सांगितलं आणि घोषणा देत निघून गेला.