सकाळचा कोरा चहा

आमच्या पाड्यावर सकाळी चूल पेटते ती कोऱ्या चहासाठी. दूध नाही, साखर मात्र सढळ. मोठ्यांबरोबर तीन वर्षांचं पोरही कप घेऊन बसतं आणि त्यात बिस्किटं बुडवतं. अंगणवाडीत येईपर्यंत त्याची भूक मेलेली असते. खिचडीचे दोन घास खाल्ले की ते ताट सरकवतं.

मी तलासरी तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. मुलाचं वजन वाढत नाही म्हटलं की गरिबी हे उत्तर सगळ्यांच्या तोंडी तयार असतं. गरिबी आहेच. पण शेजारशेजारची दोन घरं, मजुरीही सारखीच, तरी एका घरातलं मूल वाढतं आणि दुसऱ्यातलं तिथेच अडकतं, त्याचं काय?

या वयात वर्षाला साधारण 2 किलो वजन वाढायला हवं, म्हणजे महिन्याला दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम. मूल काट्यावर हललं तरी एवढा फरक पडतो. म्हणून मी एका महिन्याच्या आकड्यावर जात नाही, ओळीने दोन-तीन महिने पाहते. दंडाचा घेर साडेबारा सेंटिमीटरच्या खाली गेला, तर मात्र थांबत नाही.

गृहभेटी जेवणाच्या वेळी करायला लागले, तेव्हा कोडं थोडं सुटलं. वाढणाऱ्या मुलाच्या घरी आजी होती. त्याची ताटली वेगळी, आणि ती रिकामी होईपर्यंत आजी जवळून हलायची नाही. शेजारी चारही भावंडं एकाच थाळीत जेवत. थोरली भराभर खात, धाकटं दोन घासांत उठे, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नसे. दुपारी रडलं की हातात पाच रुपयांचं पाकीट.

अमृत आहार योजनेतून अंडी किंवा केळी येतात. ती मी समोर बसवूनच खायला लावते, कारण घरी गेलेल्या अंड्याचे पाच वाटे होतात. त्यात आईचा दोष नाही, पाच तोंडं आहेत.

दिवसातून पाच वेळा भरवा, असं आम्हाला सांगायला लावतात. आई उजाडायच्या आत टेम्पोने डहाणूकडच्या चिकूच्या वाडीत नाहीतर उंबरगावच्या कंपनीत गेलेली असते. मग भरवायचं कुणी? म्हणून मी आता आजीशी बोलते, शाळेतून आलेल्या थोरल्या बहिणीशी बोलते. भातावर चमचाभर तेल घालायला सांगते. पोट न भरता चाळीस-पंचेचाळीस कॅलरी जातात.

दिवाळीनंतर काही घरं वीटभट्टीवर जातात आणि नोंदवहीतल्या त्या ओळी कोऱ्या राहतात. होळीला पोरं परततात तेव्हा पुन्हा खालून सुरुवात.

“चहा नको, तर सकाळी द्यायचं काय?” एका आईने विचारलं. म्हटलं, नाचणीची आंबील. घरात नाचणी असते, पण पीठ रात्रीच कालवून ठेवावं लागतं, आणि दमून आल्यावर ते राहून जातं. म्हणून त्या घरी मी आता संध्याकाळी चक्कर टाकते.