पत्रांचे बियाणे

जुन्या घरांत पत्रे ठेवायची एक ठरलेली तऱ्हा असे. आलेले कार्ड वाचून झाले की भिंतीवरच्या तारेच्या आकड्यात टोचायचे. आकडा भरला की गठ्ठा बांधून ट्रंकेत टाकायचा. वाळवीची आणि उंदरांची काय ती धास्ती. आता पत्रे कॉम्प्युटरवर येतात. पण ती नेमकी ठेवली कुठे आहेत, असे विचारले तर पुष्कळ घरांत उत्तर मिळते, "असतील आतच कुठेतरी!"

आमची लेक २००८ साली नोकरीसाठी ऑस्ट्रेलियाला गेली. तेव्हापासून आमच्या घरी थंडरबर्ड नावाचा पत्रांचा प्रोग्रॅम आहे. इंटरनेट तेव्हा सतत चालू नसे. जोडणी करायची, आलेली पत्रे उतरवून घ्यायची आणि दुपारची कामे आटोपली की निवांत वाचायची. सासूबाईंना लिहिता येत नव्हते. त्या शेजारी बसून नातीसाठी मजकूर सांगायच्या आणि मी टाइप करायची. "पानी बरा आला, रोवना झाला, पोटभर जेवत जाजो." मी भाषा जरा नीट करायला गेले की लगेच दटावायच्या, "मी बोलतो तसाच लिव!"

२०१७ साली त्या गेल्या. फोटो आहेत, पण त्यांचे बोलणे कुणी टेपवर धरून ठेवलेले नाही. ते उरले फक्त त्या पत्रांत. म्हणजे आलेल्या पत्रांत नव्हे, आमच्याकडून पाठवलेल्या पत्रांत! बॅकअप घेताना हा कप्पा हमखास विसरला जातो.

बॅकअप म्हणजे दुसरे-तिसरे काही नाही, राखून ठेवलेली नक्कल. आपल्या भंडाऱ्याकडच्या धानाच्या घरांना हे शिकवायला नको. खायचे धान वेगळे आणि बियाण्याचे वेगळे. कितीही ओढ असली तरी बियाण्याला हात लावायचा नाही. पण सासूबाई एवढ्यावर थांबत नसत. पऱ्हे टाकायच्या आधी त्या शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायच्या आणि आठवड्याने उघडून मोड मोजायच्या. ऐंशी उगवले तर बियाणे चांगले. "ढोलीत हाये म्हनून उगवन, असा नाही," असे त्यांचे म्हणणे. पत्रांच्या नकलेचेही अगदी तसेच आहे. नक्कल घेतली म्हणजे काम झाले, असे नव्हे. ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिली आणि पत्रे वाचता आली, तरच ती खरी.

म्हणून मी दर भाऊबीजेला साकोलीला माहेरी जाताना नक्कल बरोबर नेत असे आणि भाच्याच्या कॉम्प्युटरवर उघडून बघत असे. घरात सगळे हसायचे. पण एका वर्षी पेन ड्राइव्ह काही केल्या उघडेना. घरची मूळ पत्रे शाबूत होती, म्हणून निभावले. त्यानंतर लहान हार्ड डिस्क घेतली. ती वहिनीच्या कपाटात, पैठणीशेजारी राहू लागली.

२०२० सालच्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला पूर आला. तिकडे मध्य प्रदेशात पावसाने थैमान घातले होते, धरणांतून पाणी सोडले होते, आणि भंडारा शहराच्या कितीतरी वस्त्या पाण्यात गेल्या. आमच्या खालच्या खोलीत कमरेएवढे पाणी. आम्ही माणसे गच्चीवर, धान्याची पिंपे आणि कागदपत्रे वर, पण कॉम्प्युटर खालीच राहिला. ओसरल्यावर त्यातून चिखल निघाला.

टाळेबंदीमुळे त्या वर्षी उन्हाळ्यात माहेरी जाणे झाले नव्हते. साकोलीची डिस्क २०१९ च्या भाऊबीजेची होती. नवा कॉम्प्युटर आला तेव्हा भाऊ ती डिस्क घेऊन आला. थंडरबर्ड बसवला, नक्कल आत घातली, आणि पाठवलेल्या पत्रांचा कप्पा उघडला. २०११ चा आषाढ. "पानी बरा आला." आमचे हे मागे उभे राहून वाचत होते. ते काही बोलले नाहीत, चष्मा पुसत आत गेले. मधल्या नऊ-दहा महिन्यांची पत्रे लेकीने तिच्याकडून परत पाठवली.

आता कामाचे. पत्रे येण्याच्या दोन पद्धती आहेत. 'पॉप' पद्धतीत पत्र आपल्या कॉम्प्युटरवर उतरते आणि सोय तशी लावलेली असेल तर तिकडचे पुसले जाते. मग घरची प्रत हीच एकुलती एक. 'आयमॅप' पद्धतीत पत्र तिकडेच राहते, आपण त्याची नक्कल पाहतो. पण आपण इथे पुसले की तिकडचेही जाते, तेव्हा तिच्याही भरवशावर राहू नये. 'लोकल फोल्डर्स'मध्ये हलवलेली पत्रे तर फक्त आपल्याच यंत्रावर असतात. फोनमध्ये बहुधा अलीकडचीच उतरलेली असतात.

थंडरबर्डमध्ये पत्रे, पत्ते, मांडणी असे सारे 'प्रोफाइल' नावाच्या एका फोल्डरात असते. ते दडलेले असते. 'हेल्प'मध्ये 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडा, तिथे प्रोफाइल फोल्डर उघडायचे बटण सापडेल. फोल्डर दिसले की थंडरबर्ड पूर्ण बंद करा आणि मगच ते अख्खे उचलून डिस्कवर घ्या. निवडून एक-दोन फायली घेऊ नका. परत भरताना नव्या यंत्रावर थंडरबर्ड एकदा उघडून त्याचे नवे प्रोफाइल फोल्डर तसेच शोधा, तो बंद करा आणि जुन्या फोल्डरातले सारे त्यात घाला. नव्या यंत्रावरची आवृत्ती जुनीइतकी किंवा तिच्याहून नवी हवी. आउटलुक वापरणाऱ्या मैत्रिणींनी 'पीएसटी' फाइल शोधावी. काही प्रकारच्या खात्यांत पत्रे तिच्यात साठतात.

आणखी एक सांगते. जपून ठेवलेले पासवर्डही याच फोल्डरात असतात. म्हणून डिस्क दागिन्यांसारखी कुलपात ठेवावी, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती देऊ नये. आणि ती आपल्याच घरात ठेवून उपयोग नाही. ज्या पाण्याने कॉम्प्युटर बुडतो त्याच पाण्याने डिस्कही बुडते. माहेर, नणंद, बहीण, कुणाचे तरी कोरडे कपाट धरावे.

यंदा दिवाळीची साफसफाई काढाल तेव्हा भांडी घासण्याआधी अर्धा तास हे काम करून टाका. नक्कल घ्या, दुसरीकडे उघडून दहा-पाच पत्रे वाचून बघा, आणि भाऊबीजेच्या पिशवीत टाका. ओवाळणी घेऊन याल, पत्रे ठेवून याल.