सायलेंट अक्षरं

आमच्या शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं आणि स्पेलिंग पाठ करायची एकच रीत होती. लिहिलंय तसं मोठ्यांदा घोकायचं. वेड-नेस-डे. क-निफे. नाईफ म्हणायचं ते फक्त बाईंसमोर. सुरुवातीला हा के कशाला, असं कुणी विचारलंच तर बाई म्हणायच्या, ‘‘सायलेंट आहे. लिहायचा, बोलायचा नाही.’’ विषय संपला.

पुढे पुण्यात नोकरीला लागल्यावर संध्याकाळी जर्मनच्या वर्गाला जाऊ लागलो. तिथे गुडघ्याला शब्द आला ‘क्नी’, आणि सर त्यातला के चांगला खणखणीत म्हणत होते. इंग्रजीतला ‘नी’ त्याचा सख्खा चुलतभाऊच. मग वाचत गेलो. चौदाव्या शतकात, कवी चॉसरच्या काळी, इंग्रजही हा के उच्चारत. नाइटमधला जीएच तेव्हा घशातून खरखरत यायचा. ‘नेम’ तर आपल्या ‘नाम’च्या शेजारीच राहत होता. १४७६ साली कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला आणि हळूहळू स्पेलिंगं छापील होऊन बसली. पण जीभ कुठे छापखान्याचं ऐकते? त्याच दोन-तीन शतकांत दीर्घ स्वर आपापल्या जागा सोडून सरकले, जीएच बोलण्यातून गेला, मागोमाग केही गेला. आमची घोकंपट्टी बाईंना गावंढळ वाटायची. त्या के-पुरती तरी चॉसरला ओळखीची वाटली असती.

आजोबांच्या पत्रांत ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’ असायचं. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी ही न उच्चारलेली टिंबं काढून टाकली. आजोबांनी ती शेवटपर्यंत दिली, पोस्टकार्डावर बोटभर जागा उरली असली तरी. इंग्रजीला असं काढून टाकणारं कुणी भेटलंच नाही. १७१२ साली जोनाथन स्विफ्टने भाषेला शिस्त लावायला एक मंडळ नेमा म्हणून लेखी प्रस्ताव मांडला होता. मंडळ काही झालं नाही. मला विचाराल तर बरंच झालं. के आणि जीएच एके काळी बोलले जात होते, त्यांनी कागदावर खुशाल राहावं.

‘डेट’मधल्या बीचं मात्र तसं नाही. कर्ज या अर्थाचा तो शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हता. नंतरच्या पंडितांनी लॅटिन मूळ दाखवायच्या हौसेने तो आत घुसडला. इंग्रजांनी तो कधी तोंडाने म्हटलाच नाही. स्विफ्टचं मंडळ झालं असतं, तर पहिला अर्ज मी त्या बीविरुद्ध केला असता.